लेमिंग्टनचं पाणी

दिवस पहिला, गुरुवार

हीथ्रोवरून निघाल्यापासून अहो पुढच्या सीटवर बसून गाड्या मोजत होते. शेजारून एखादी रेंज रोव्हर सुळकन पुढे गेली की "ही आपली!" ऑक्सफर्डचा फाटा येईपर्यंत आपल्या एकोणीस झाल्या होत्या. जावई गालातल्या गालात हसत होता. सासरा टेल्कोच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, तेहतीस वर्षं काढलेला आहे हे त्याला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण आमच्या घरात ती टेल्कोच राहिली. २००८ साली टाटांनी जॅग्वार-लँड रोव्हर विकत घेतली तेव्हा ह्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते, जणू पैसे ह्यांच्याच प्रॉव्हिडंट फंडातून गेले होते.

लेक आता त्याच कंपनीत, गेडनला आहे. ऑफिस गेडनच्या माळरानावर, म्हणून राहायला लेमिंग्टन. तिच्यासारखी पुण्याची बरीच मंडळी तिथे राहतात. गावाचं पूर्ण नाव रॉयल लेमिंग्टन स्पा. वस्ती पन्नासेक हजार, म्हणजे आमच्या पिंपरी-चिंचवडच्या हिशेबात एखादा प्रभाग.

स्पा म्हटलं की आपल्याला मॉलमधलं मसाजचं दुकान आठवतं. इथे स्पा म्हणजे औषधी झरा असलेलं गाव. बाथ, हॅरोगेट, चेल्टनहॅम ही सगळी त्याच गोतावळ्यातली. बाथचं पाणी मात्र जमिनीतूनच गरम येतं, आपल्या वज्रेश्वरीसारखं. लेमिंग्टनचं गार आणि खारट. "खारट पाणी प्यायला लोक इथवर यायचे?" मी विचारलं. "आई, तू पी, मग बोल," लेक म्हणाली.

घर एका जुन्या पांढऱ्याशुभ्र इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली खांबांची देवडी, वर लोखंडी नक्षीची गॅलरी, आणि लिफ्ट नाही. पायऱ्या चोपन्न. त्या माझ्या गुडघ्यांनी मोजल्या.

रात्री साडेनऊला जेवण उरकलं तरी खिडकीबाहेर लख्ख उजेड. जेवून झोपायचं की चहा टाकायचा, तेच कळेना.

दिवस दुसरा, शुक्रवार

पहाटे चारला जाग आली तर बाहेर दिवस उजाडत होता. सहाला आम्ही दोघं जिने उतरून बाहेर पडलो. लेकीने दारावर चिठ्ठी लावून ठेवली होती: "किल्ली घेऊन जा."

गावाच्या मुख्य रस्त्याचं नाव परेड. नदीपासून हलक्या चढाने सरळ वर जातो आणि दोन्ही बाजूंना तशाच पांढऱ्या इमारतींची रांग. पहिल्यांदा पाहिलं की वाटतं, सगळा संगमरवर. अहोंना शंका आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोटाच्या पेराने एक भिंत वाजवली, कास्टिंगला तडा आहे का हे ठोकून बघतात तशी. "वीट आहे. वरून गिलावा." संध्याकाळी लेकीने दुजोरा दिला. बाथमध्ये दगड आहे, इथे विटेवर गिलावा करून त्याला दगडाचं रूप दिलं आहे. दोनशे वर्षांपूर्वी झटपट गाव उभं करायचं होतं आणि ते श्रीमंत दिसायलाही हवं होतं. तेव्हापासून दर काही वर्षांनी रंग लावत राहायचं. दिसायला देखणं खरं, पण हा खर्च माझ्यातल्या बँकवालीला आधी दिसला.

टाउन हॉलसमोर व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. हा खरा संगमरवर. चौथऱ्यावरच्या पाटीवर मजेशीर नोंद आहे: १४ नोव्हेंबर १९४० रोजी जर्मन बॉम्बमुळे हा पुतळा जागेवरून एक इंच सरकला. त्याच रात्री जवळचं कॉव्हेंट्री शहर विमानांनी बेचिराख केलं होतं. पुतळा पुन्हा जागेवर आणण्याऐवजी इथल्या लोकांनी पाटी लावली.

अहो खाली वाकून फट शोधत होते. "एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर," ते उठून हात झटकत म्हणाले, "रिजेक्ट."

दिवस तिसरा, शनिवार

आज पाणी.

परेड जिथे नदीला भिडते तिथे रॉयल पंप रूम्सची लांबलचक इमारत आहे, समोर खांबांची ओळ. ही १८१४ साली उघडली. पण गोष्ट सुरू होते त्याच्या आधी, एका मोच्यापासून. तेव्हा हे लेमिंग्टन प्रायर्स नावाचं खेडं होतं. चर्चजवळ एक खारा झरा होता. जमीन एका उमरावाची, अर्ल ऑफ एलिसफर्डची, पण तिथलं पाणी गोरगरिबांना फुकट असायचं. १७८४ मध्ये बेंजामिन सॅचवेल नावाचा मोची आणि विल्यम अ‍ॅबट्स नावाचा खाणावळवाला यांना अ‍ॅबट्सच्याच जागेत दुसरा झरा सापडला. मोची कविताही करायचा. कविता करणाऱ्याने झरा शोधला आणि खाणावळवाल्याने दोन वर्षांत तिथे पैसे घेऊन स्नानगृह सुरू केलं. मला ही वाटणी फार ओळखीची वाटली.

मग गाव फुगलं. १८०१ च्या शिरगणतीत इथे ३१५ माणसं होती. चाळीस वर्षांत ती बारा हजारांच्या वर गेली. १८१९ मध्ये परेडवर रीजंट हॉटेल उघडलं, ते त्या काळच्या युरोपातल्या मोठ्या हॉटेलांत गणलं जायचं. १८३८ मध्ये राणीने नावापुढे 'रॉयल' लावायची परवानगी दिली. आमवात, गाठीवात, आखडलेले सांधे, पोटाच्या तक्रारी घेऊन अमीर-उमराव सहकुटुंब यायचे आणि आठवडेच्या आठवडे राहायचे. सकाळी उठून पेला भरायचा, पाणी प्यायचं, बँड ऐकत फेऱ्या मारायच्या, पुन्हा पेला. दुपारी ओळखीच्या लोकांना नमस्कार-चमत्कार, संध्याकाळी नाच. आजार हे निमित्त. मुख्य काम म्हणजे मुलींची लग्नं जमवणं, असा माझा कयास आहे. आपल्याकडे पूर्वी लोक हवापालटाला महाबळेश्वर-पाचगणीला जायचे, त्यातला आणि ह्यातला फरक फक्त पेल्याचा.

आत गेलो. पोहण्याचा जुना तलाव होता तिथे आता सार्वजनिक वाचनालय आहे. वर तलावाचं उंच छत तसंच, खाली पुस्तकांची कपाटं, आणि एक आजोबा वर्तमानपत्रावर डुलक्या घेत होते. शेजारी कलादालन आणि संग्रहालय. तुर्की हमामाची खोली तेवढी जशीच्या तशी जपली आहे. गरम वाफेच्या त्या खोलीत आता मस्त गारवा होता. ह्या इमारतीत जलोपचार १९९० पर्यंत चालू होते हे वाचून मला आश्चर्य वाटलं. मला वाटत होतं, हे सगळं घोडागाड्यांबरोबर संपलं असेल. म्हणजे मी बँकेत लागून बरीच वर्षं झाली होती तेव्हाही इथे कुणाचा तरी गुडघा पाण्यात बुडवून सरळ करत होते. माझ्या गुडघ्यांनी ही बातमी जरा हळहळत ऐकली.

बाहेर पाण्याचा नळ आहे. लेक म्हणाली, एक घोट घ्या फक्त. मी घेतला. कसं सांगू? उलटी-जुलाबात इलेक्ट्रल पाजतात ना, त्याचं पाकीट जुनं निघालं आणि त्यात कुणी गंजका खिळा बुडवून ठेवला, तर जी चव लागेल ती. मी तोंड वाकडं केलं. जावई मोबाइल काढून आमचे चेहरे टिपत होता.

अहोंनी घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि बाटली भरली.

"बाबा, नको! हे पाणी पोट साफ करायला प्यायचे."

"तेच म्हणतो मी," अहो म्हणाले. ह्या माणसाचं गेल्या बारा वर्षांतलं रात्रीचं शेवटचं वाक्य आहे, "इसबगोल संपत आलंय." त्यांनी अर्धी बाटली तिथेच संपवली आणि उरलेली घरी आणली. फुकट होतं ना.

संध्याकाळी गॅलरीत उभी राहून मी त्या पांढऱ्या रांगा पाहत होते. खांब, कमानी, चौक, बागा, नाचघरं, राणीचा शिक्का. एवढा सगळा बारदाना उभा आहे तो कशावर? इसबगोलावर.

दिवस चौथा, रविवार

दिवसभर पाऊस. अहो घरीच. कारण लिहीत नाही. गॅलरीत जावयाने कांदाभजी तळली, पण एका माणसाने खाल्ली नाहीत.

दिवस पाचवा, सोमवार

लेक-जावई कामावर गेले आणि घर आमच्या ताब्यात आलं. इथल्या बेसिनला गरम आणि गार पाण्याचे दोन वेगळे नळ आहेत, दोन टोकांना. एकाखाली हात भाजतो, दुसऱ्याखाली बधिर होतो. दोन्हीची गाठ घालायची कल्पना ह्या लोकांना, ज्यांनी आगगाडी काढली, का सुचली नसेल? कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं आहे, ते रेल्वेच्या टाइमटेबलासारखं वाचावं लागतं.

दहा वाजता जेफसन गार्डन्समध्ये गेलो. पंप रूम्सच्या अगदी समोर, लीम नदीच्या काठाने पसरलेली बाग. शहराचा 'ले' आणि नदीचा 'ली' इंग्रजीत एकाच अक्षरांनी लिहितात. उच्चार वेगळे का, ते विचारायचं नाही. फुलांचे वाफे इतके नीट कातरलेले की पाय टाकायलाही संकोच वाटावा. मधोमध एका गोल देवळीत डॉक्टर हेन्री जेफसनचा पुतळा. ह्या डॉक्टरने गावाचं नाव गाजवलं. पाणी पाजायचाच, पण त्याच्याबरोबर मोजकं खाणं आणि भरपूर चालणं सक्तीचं करायचा. १८४१ मध्ये जॉन रस्किन त्याच्याकडे उपचाराला राहिला होता. तोच रस्किन, ज्याचं लिखाण वाचून गांधीजींनी पुढे आपलं आयुष्य बदललं. मला तर वाटतं, रोग्यांना बरं केलं ते चालण्याने आणि पथ्याने, नाव मात्र पाण्याचं झालं. पन्नाशीच्या सुमारास जेफसनची स्वतःची दृष्टी गेली. त्यानंतरही तो १८७८ पर्यंत जगला, त्याच गावात, स्वतःच्या नावाच्या बागेशेजारी.

जरा पुढे कारंजं आहे, पॅराशूटच्या आकाराचं. दुसऱ्या महायुद्धात चेकोस्लोव्हाकियाचं परागंदा सैन्य ह्या भागात तळ ठोकून होतं. त्यातलेच काही तरुण विमानातून मायदेशात उतरले आणि १९४२ मध्ये प्राग शहरात त्यांनी हायड्रिख ह्या नाझी अधिकाऱ्यावर हल्ला करून त्याला संपवलं. ते कुणी परत आले नाहीत. खाली त्यांची नावं आहेत. बाजूला एक बाई बाळाला दुदू भरवत होती आणि पाण्याच्या तुषारांनी बाळ खिदळत होतं. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो, काही न बोलता.

आणि हत्ती! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सॅम लॉकहार्ट नावाचा सर्कसवाला ह्याच गावचा. त्याच्या तीन हत्तिणी, विल्हेल्मिना, ट्रिल्बी आणि हॅडी, ह्या नदीवर आंघोळीला यायच्या. त्यासाठी काठाला केलेला उतार अजून दाखवतात. माझं माहेर सांगलीचं. गणपती संस्थानचा हत्ती रस्त्यातून डुलत निघाला की आम्ही पोरं दप्तरं टाकून मागे धावायचो. ह्या पांढऱ्या हातमोजांच्या, मोजून-मापून चालणाऱ्या गावातून तीन हत्तिणी आंघोळीला निघाल्या की पोरं काय करत असतील, ते मला कुणी सांगायला नको.

बागेत जागोजागी बाकं, आणि प्रत्येक बाकावर छोटी पितळी पट्टी: अमुक यांच्या स्मरणार्थ, त्यांना ही जागा फार आवडायची. अहो वाचत वाचत एका बाकापर्यंत आले, बसले, आणि साडेबारापर्यंत उठलेच नाहीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत मी ह्यांना अडीच तास एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं.

दिवस सहावा आणि सातवा

काही नाही. स्वयंपाक, बाग, बाक. मी वाचनालयात जाऊन त्या तलावाच्या छताखाली दोन तास बसून आले. माझं कार्ड नव्हतं, पण कुणी हटकलं नाही.

दिवस आठवा, गुरुवार

कढीपत्ता संपला. लेक म्हणाली, "पुलापलीकडे जा. बाथ स्ट्रीट."

नदीच्या उत्तरेला पांढरं लेमिंग्टन आणि दक्षिणेला जुनं लेमिंग्टन. मूळ खेडं इकडचंच, झराही इकडचाच. पण पैसेवाल्यांसाठी नवं गाव नदीपलीकडे वसवलं आणि मूळ गावाला दुय्यम करून टाकलं. इथे लाल विटांची बुटकी चाळवजा घरं, रेल्वेचे पूल, केशकर्तनालयं आणि पंजाबी दुकानं. दुकानात शिरल्याबरोबर हिंगाचा वास आला आणि माझे खांदे सैल झाले. जाडे पोहे, शेंगदाणे, कोथिंबिरीची मोठी जुडी, आणि आंब्याच्या पेट्या. हापूसची किंमत मी रुपयांत केली आणि पेटी हळूच खाली ठेवली.

अहो बाहेर थांबले होते. मी पिशव्या घेऊन आले तर ते एका पगडीवाल्या वृद्ध सरदारजींबरोबर बोलत होते. आमच्या ह्यांची हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. "हम टेल्को में था. फाउंड्री में."

"फाउंड्री?" सरदारजींचे डोळे एकदम बदलले. "कौन सी शॉप?"

"कोअर शॉप. बाद में मेल्टिंग."

त्यानंतर मी तिथे नव्हतेच म्हटलं तरी चालेल. सरदारजी साठच्या दशकात, विशीही पुरी झाली नसताना जालंधरकडून आले आणि इथल्या फोर्डच्या फाउंड्रीत लागले. तीस वर्षं काढली. गावात तेव्हा कारखाने होते आणि भट्टीजवळच्या पाळ्यांना माणसं मिळत नव्हती, म्हणून पंजाबातून पोरं येत गेली. त्याही आधीपासून हे ओतकामाचं गाव. फ्लेवेल नावाच्या घराण्याची इथे फाउंड्री होती. त्यांची 'किचनर' नावाची लोखंडी चूल १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडली होती. हे पांढरं लेमिंग्टन बघायला येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. संग्रहालयात पाण्याचे पेले जितके दिसतात तितके घामाचे कपडे दिसत नाहीत.

फोर्डची फाउंड्री २००७ मध्ये बंद झाली. तिथे आता सुपरमार्केट आहे. "जहाँ मेरी भट्टी थी," सरदारजी म्हणाले, "वहाँ अब दही-दूध का सेक्शन है." जागा त्यांनी पावलं मोजून काढली आहे म्हणे. सून दही आणायला पाठवते तेव्हा ते त्याच जागी उभं राहून दही घेतात.

मग दोघांनी बाह्या वर केल्या. दोघांच्याही उजव्या हातावर, कोपराच्या खाली, वितळलेल्या लोखंडाचे ठिणगीएवढे पांढरे डाग. चिंचवडचे आणि लेमिंग्टनचे शेजारीशेजारी ठेवले तर वेगळे सांगता आले नसते. ह्या डागांबद्दल मी लग्नानंतर विचारलं होतं, तेव्हा ह्यांनी "असंच" म्हणून उडवून लावलं होतं. आज रस्त्यावर उभं राहून एकेका डागाची तारीख सांगत होते.

कढीपत्ता उन्हात कोमेजला.

दिवस दहावा, शनिवार

व्हिक्टोरिया पार्क. इथे गालिच्यासारखी हिरवळ आहे, आणि तिच्यावर पांढऱ्या कपड्यांतली साठी-सत्तरीची मंडळी लॉन बोल्स खेळतात. चेंडू एका बाजूला जड असतो, सरळ जातच नाही, वळसा घेतो. समोरच्या छोट्या पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला न्यायचा. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. दोन ओव्हर टाकून मग चहा, असं वाटावं.

२०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धा बर्मिंगहॅमच्या, पण हा खेळ ह्याच मैदानावर झाला होता. इथेच २ ऑगस्टला लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की ह्या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून सुवर्णपदक नेलं. तोपर्यंत भारतात किती जणांना हा खेळ माहीत होता? मला नव्हता. त्या दिवशी टीव्हीवर नियम समजून घेता घेता सामना संपला होता. आज त्याच गवताशी उभी राहिले. मी भारताची आहे कळल्यावर एक आजीबाई खेळ थांबवून आल्या, "युअर गर्ल्स!" म्हणाल्या आणि चेंडू माझ्या हातात दिला. मी टाकला. तो वळला, वळला, आणि शेजारच्या पट्टीत दुसऱ्यांच्या खेळात जाऊन बसला. माझ्यामुळे खेळ थांबला तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रज माणूस किती सभ्य आहे हे कळायला आपण त्याचा खेळ बिघडवायला हवा.

अहो आज आमच्याबरोबर नव्हते. त्यांना दहाला बाकावर जायचं असतं. सरदारजी येतात.

दिवस तेरावा, मंगळवार

कालव्याच्या काठाने वॉरिकपर्यंत चालत गेलो. ग्रँड युनियन कालवा अगदी गावातून जातो. लांबट, अरुंद, रंगवलेल्या होड्या, छपरावर कुंड्या आणि सायकली. लोक त्यातच राहतात. वाटेत कालवा एव्हन नदीच्या वरून जातो, पूल बांधून! खाली नदी, वर पाणी, पाण्यावर होडी. अहोंनी तिथे वीस मिनिटं घेतली. वॉरिकचा किल्ला बाहेरून पाहिला. आतलं तिकीट पाहून रायगड आठवला.

परतताना स्टेशनजवळ लेकीने सांगितलेली एक इमारत पाहिली, पूर्वीचं मॅनर हाउस हॉटेल. लॉन टेनिसचा जगातला पहिला क्लब १८७२ मध्ये ह्याच्या हिरवळीवर निघाला, विम्बल्डनच्या पहिल्या स्पर्धेच्या पाच वर्षं आधी. काढणारे चौघं, त्यांतले दोन इथल्या वॉर्नफर्ड इस्पितळातले तरुण डॉक्टर. रोगी पाणी पीत असताना डॉक्टरांनी तरी काय करायचं!

गुडघे? पाच-सहा किलोमीटर चालले. काही बोलले नाहीत.

दिवस सतरावा, शनिवार

सकाळी लिलिंग्टन रोडवरचा मिडलंड ओक. हा इंग्लंडचा मध्यबिंदू, असं इथले लोक सांगतात. मेरिडन नावाचं गावही तोच दावा करतं. मूळ झाड गेलं, आताचं त्याच्याच बीपासून वाढवलेलं. माझ्या जाऊबाई नागपूरच्या, त्यांना झिरो माइलचा फार अभिमान, म्हणून त्यांना लगेच फोटो पाठवला. उत्तर आलं: "आमच्याकडे निदान दगडी खांब तरी आहे."

दुपारी लेक आम्हाला गेडनला घेऊन गेली. ऑफिसात बाहेरच्यांना सोडत नाहीत, पण शेजारीच ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. जुन्या मोटारींच्या रांगा. अहो एका जुन्या लँड रोव्हरपुढे उभे राहिले. मला वाटलं, आता "ही आपली" येणार. ते काहीच बोलले नाहीत. वाकून इंजिनाच्या ब्लॉकवर वाळूच्या साच्याची रेघ दिसते का ते पाहिलं आणि लेकीला विचारलं, "हे ओतलं कुणी असेल गं?"

लेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने पाटी वाचली. पाटीवर ते नव्हतं.

दिवस एकविसावा, बुधवार

बॅगा मोजल्या. तेवीस किलोच्या वर चारशे ग्रॅम. सरदारजींच्या सुनेने दिलेली पिन्नीची, म्हणजे पंजाबी लाडवांची, पिशवी काढून हातातल्या बॅगेत घातली. सरदारजी निरोपाला चोपन्न पायऱ्या चढून वर आले, आणि धाप लागली असताना म्हणाले, "पिंपरी आऊंगा. भट्टी देखने."

हीथ्रोवर सिक्युरिटीच्या रांगेत ह्यांची बॅग बाजूला काढली. आतून निघाली एक लिटरची बाटली, काठोकाठ भरलेली. खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी, म्हणाले. त्यांनाही तोच त्रास. मला पत्ता नव्हता. पहाटे सगळे झोपलेले असताना हे पंप रूम्सच्या नळावर जाऊन आले होते.

सिक्युरिटीची मुलगी चांगली होती. तेव्हा शंभर मिलिलिटरच्या वर नेता येत नव्हतं, ते तिने समजावलं. फेकायचं नसेल तर इथेच पिऊन टाका.

अहोंनी बाटलीचं झाकण उघडलं.

"विमान नऊ तासांचं आहे," मी म्हटलं.

त्यांनी झाकण लावलं.